फोटोमागची गोष्ट आधी गोळा करावी लागते

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नोकरी सांभाळून बरीच वर्षं हौसेने फोटो काढताय. माणसं, जंगल, प्रवास, सगळं हार्ड डिस्कवर साठलंय. त्यातले निवडक घेऊन बेळगावात लहानसं प्रदर्शन भरवायचंय आणि प्रत्येक फोटोखाली त्याच्यामागची गोष्ट द्यायचीय. पण लिहायला बसलं की दोन ओळींपुढे गाडी जात नाही. म्हणून तुम्ही विचारलंय, 'थोडी कल्पनेची भर घातली तर चालेल का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही चालणार. आणि तुमची अडचण लिहिण्याची आहे असं मला मुळात वाटत नाही. बेळगावातल्या शहापुरात आमचा फोटो स्टुडिओ होता, मी तिथेच वाढले. पुढे हौशी फोटोग्राफरांची प्रदर्शनं उभी करायला मदत करत आले, त्यांच्या फोटोंखालचा मजकूर तपासत आले. 'मला लिहिता येत नाही' म्हणणाऱ्यांना चहा पिता पिता त्यांचाच फोटो दाखवावा. काही जण त्यावर दहा मिनिटं रंगून बोलतात. त्यांनी बोलले तसंच लिहून काढायचं, काम झालं. बाकीचे मात्र बोलतानाही अडतात, कारण त्यांच्याकडे सांगायला काही जमलेलंच नसतं. फोटो काढला आणि पुढे गेले. त्या बाईंना नाव विचारलं नाही, शेत कुणाचं ते विचारलं नाही, पक्षी तिथे काय करत होता ते बघायला थांबले नाहीत. मग कित्येक वर्षांनी त्या मोकळ्या जागेत 'कष्टाने रापलेले हात' आणि 'निसर्गाची मुक्त उधळण' येऊन बसतात.

किती आणि काय लिहायचं हे अर्थात कशासाठी लिहिताय त्यावर ठरतं. घरच्या अल्बमला नाव, गाव, साल एवढं पुरतं. प्रदर्शनात माणूस उभ्याने वाचतो, तिथे साठ-सत्तर शब्द खूप झाले. पुस्तकात एखाद्या फोटोला दोन पानंही देता येतात. इंटरनेटवर टाकणार असाल तर फोटो एकदा गेला की परत बोलावता येत नाही, म्हणून माणसाच्या परवानगीबाबत तिथे जास्त कडक राहावं लागतं. लहान मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना विचारल्याशिवाय मी कुठेच पुढे जात नाही. या फरकांचं भान ठेवून पुढचं वाचा.

माणसांच्या फोटोंपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गफलती तिथे होतात. एका मुलाने बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातला भातलावणीचा फोटो आणला होता. चिखलात वाकलेल्या बायकांची रांग, डोक्यावर खताच्या पोत्यांच्या खोळी, मागे ढगात अर्धा बुडालेला राजहंसगड. फोटो खरोखर चांगला होता. खाली लिहिलं होतं, 'राबणारी माउली, जिच्या घामावर आपण जेवतो.' मी त्याला म्हटलं, या फोटोच्या प्रिंट काढ, घेऊन परत जा, आणि बांधावर बसून ये.

तो परत आला तेव्हा त्याच्याकडे वहीभर मजकूर होता. रांगेत पहिल्या वाकलेल्या काकू त्या शेताच्या मालकीण निघाल्या. बाकीच्या मजुरीला आलेल्याच नव्हत्या, पैऱ्याने आल्या होत्या. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. त्यातली एक मुलगी माहेरपणाला आली होती आणि आईची पाळी भरायला चिखलात उतरली होती. सासूच्या वेळचं बांबूचं इरलं अजून गोठ्यात टांगलेलं होतं, पण वापरात नव्हतं, कारण खोळ हलकी पडते आणि वाकताना मागे ओढत नाही. भात बासमती होतं. आणि शेतापासून थोड्याच अंतरावर तो हलगा-मच्छे बायपास, ज्याला या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनी जातात म्हणून वर्षानुवर्षं विरोध केला. हे सगळं कळल्यावर त्याने लिहिलेला मजकूर असा होता:

'येळ्ळूर, जुलै. बासमतीची लावणी. डावीकडून पहिल्या आहेत त्या शेताच्या मालकीण. बाकीच्या चौघी पैऱ्याने आल्या आहेत, या शेतातली लावणी संपली की सगळ्या मिळून त्यांच्या शेतात जातील. शेवटची मुलगी दोन दिवसांसाठी माहेरी आली आहे. डोक्यावरच्या खोळी खताच्या पोत्यांच्या आहेत.'

नावंही होती, ती मी इथे देत नाही, कारण इथे द्यायला त्यांना विचारलेलं नाही. बघा, या मजकुरात एकही सजवणारं विशेषण नाही. तरी वाचणारा परत फोटोकडे वळतो, शेवटची मुलगी शोधतो, खोळी निरखतो. मजकुराने एवढंच करायचं असतं. बघणाऱ्याला काय वाटावं ते सांगत बसलात तर तो वाचून पुढच्या फोटोकडे जातो.

कल्पनेची भर का नको, तेही इथेच सांगते. पहिल्या मजकुरात त्या मालकीणबाईंना त्या मुलाने दयेची धनी करून ठेवलं होतं. बेळगावातलं प्रदर्शन म्हणजे येळ्ळूरहून माणूस मोटरसायकलने येऊन बघून जाणार. त्यांचा भाचा, जावई, कुणीतरी बघणारच. आणि समजा कुणीच आलं नाही, तरी एका जिवंत माणसाबद्दल खोटं लिहून ते भिंतीवर टांगणं मला पटत नाही. कथा लिहायची असेल तर कथा म्हणून लिहा आणि तसं स्पष्ट छापा, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण फोटोखाली लिहिलेलं वाचणारा खरं म्हणूनच वाचतो.

हे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोग्राफरांच्या बाबतीतही घडलेलं आहे. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो इथल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा, तिला बिलगलेल्या मुलांसकट, फोटो काढला. अमेरिकेतल्या महामंदीचा चेहरा म्हणून तो जगभर गेला. लँग यांनी नंतर स्वतःच लिहिलं की आपण त्या बाईला नाव विचारलं नाही, तिची हकीकतही विचारली नाही. अन्नासाठी गाडीचे टायर विकले असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, ते घरच्यांनी पुढे नाकारलं. त्या बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळलं १९७८ साली, आणि त्या काही खूश नव्हत्या. फोटो सगळ्या जगाचा झाला होता, त्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नव्हतं. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. शरबत गुला हे तिचं नाव जगाला कळायला २००२ साल उजाडलं. एवढ्या मोठ्या लोकांकडून हे होतं, म्हणून आपण पहिल्यापासून शिस्त लावून घ्यायची. आधी नाव विचारायचं.

विचारायचं कसं? हौशी मंडळी इथेच बुजतात. मराठी खेड्यात 'काकू', 'मामा' म्हणून बोलायला सुरुवात करा, कॅमेरा खाली ठेवून. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडे गेलात तर 'अक्का', 'अज्जी' म्हणा आणि 'निम्म हेसरु एन्री?' (तुमचं नाव काय?) एवढं तरी कन्नडमधून विचारा. उच्चार चुकला तर लोक हसतात, आणि हसले की बोलायलाही लागतात. नाव तुम्ही ऐकून लिहू नका. त्यांना, नाहीतर घरातल्या शाळकरी पोराला, तुमच्या वहीत लिहायला सांगा, म्हणजे आडनावाची आणि गावाची मोडतोड होत नाही. आणि प्रिंट द्या. आमच्या भागात तुम्हाला हमखास ऐकू येईल, 'फोटो काढून न्हेता, खरं आम्हास्नी कवा दावणार?' या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे. पत्ता नसेल तर गावातल्या किराणा दुकानात किंवा दूध डेअरीत पाकीट ठेवलं तरी पोचतं. प्रिंट घेऊन दुसऱ्यांदा गेलात की तुम्ही परके राहत नाही, आणि खरी हकीकत त्या दुसऱ्या भेटीत निघते. माझ्याकडे आलेल्या चांगल्या मजकुरांपैकी बहुतेक दुसऱ्या भेटीतले आहेत.

एका ठिकाणी मात्र फार जपून. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेची गर्दी, भंडाऱ्याने पिवळे झालेले चेहरे, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेतलेल्या जोगतिणी, हे सगळ्यांनाच टिपावंसं वाटतं. टिपा, विचारून टिपा. पण एखाद्या बाईच्या फोटोखाली तिला न विचारता 'देवदासी' असं लिहून मोकळं होणं हा गंभीर प्रकार आहे. कर्नाटकात देवदासी म्हणून वाहण्याला बंदी घालणारा कायदा १९८२ सालचा आहे, त्या शब्दामागे कितीतरी बायकांचं भोगलेलं आयुष्य आहे. डोक्यावर जग घेतलेली प्रत्येक बाई काय आहे, कशासाठी आलीय, हे तुम्हाला बघून कळत नाही. कुणी नवस फेडायला आलेली असते, कुणी आईबरोबर आलेली असते. विचारायची हिंमत झाली नसेल तर फक्त ठिकाण आणि दिवस लिहा.

निसर्गाच्या फोटोंना नाव विचारायचा प्रश्न नाही, तिथे थांबायचा प्रश्न असतो. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर पांढरा फेसाचा गोळा दिसतो. फोटो बरेच जण काढतात आणि खाली 'निसर्गाचा चमत्कार' लिहितात. तो गोळा मलबार उडत्या बेडकाचं घरटं असतं. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते, त्यात अंडी असतात. बाहेरून फेस सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटून टपटप खालच्या डबक्यात पडतात. म्हणून ती फांदी नेमकी पाण्याच्या वरच असावी लागते. हे एकदा कळलं की फोटोही बदलतो. पुढच्या वेळी तुम्ही नुसता फेस न घेता खालचं पाणी चौकटीत घ्याल, कारण गोष्ट त्या दोघांच्या मधल्या अंतरात आहे.

आणि जीव तुम्हाला होता तिथेच मिळाला, का कुणी उचलून छान पानावर बसवला, हे मजकुरात खरं लिहा. बेडूक हलवून, फांदी मोडून काढलेले फोटो मी प्रदर्शनात घेत नाही. जागाही मोघम सांगा. भीमगड अभयारण्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं आणि पुढे कित्येक दशकं ती जात जगात दुसरीकडे कुठेच माहीत नव्हती. अशा ठिकाणचा नकाशा फोटोखाली दिला तर उद्या टॉर्च आणि फ्लॅश घेऊन जत्रा लोटेल. वनखात्याची परवानगी घेऊन गेलात असं लिहा आणि 'खानापूर तालुका' यावर थांबा. लोकेशन चालू ठेवलेलं असेल तर मोबाईल फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश आपोआप लिहितो. इंटरनेटवर टाकण्याआधी ते काढून टाकायला विसरू नका.

प्रवासाच्या फोटोंबद्दल फार सांगायचं नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा आहे, घटप्रभेवर आहे, वर झुलता पूल आहे, हे वाचणाऱ्याला मोबाईलवर मिळतं. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर कदंबांच्या काळातलं, हेही मिळतं. तुम्ही गेलात त्या दिवशी तिथे काय होतं ते फक्त तुमच्याकडे आहे. गोकाकच्या ऑगस्टमधल्या गढूळ लोंढ्याचा फोटो सगळ्यांकडे असतो. त्याच जागेवरून मे महिन्यात काढलेला कोरड्या काळ्या कातळाचा फोटो शेजारी लावलात आणि 'मे महिन्यात नदीला पाणी नसतं, पुलावर शेंगा विकणारा एकटाच होता' एवढं लिहिलंत, तर बेळगावचा माणूससुद्धा थांबून बघेल.

आता तुमचा खरा प्रश्न, म्हणजे आधीच साठलेले फोटो, ज्यांच्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. त्यातलं बरंच परत मिळवता येतं. एकटा फोटो बघू नका, त्याच्या आधीचे आणि नंतरचे दहा फोटो उघडा. चहाची टपरी, एसटीची पाटी, बरोबरचा मित्र, काहीतरी सापडतं आणि त्या दिवसाची आठवण सुटी होते. फाईलच्या माहितीत तारीख आणि वेळ असते, फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं होतं का हे एखाद्या ठाऊक दिवसाच्या, लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या, फोटोवरून तपासून घ्या. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गेलेली असते. त्याला मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर पट्टीच्या कडेला आकडे असतात, त्यावरून कुठला फोटो आधीचा ते कळतं. कागदी फोटोची मागची बाजू बघितल्याशिवाय तो बाजूला ठेवू नका. आणि मागे लिहायचं झालं तर मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

साल ठरवायला आमच्या भागात चांगल्या खुणा आहेत. पाटीवर 'म्हैसूर' राज्य असेल तर फोटो बहुधा १९७३ च्या आधीचा, कारण त्या वर्षी राज्याचं नाव कर्नाटक झालं. गाडीच्या नंबरात 'केए' दिसलं तर १९८९ च्या आधीचा नाही. उलटं मात्र धरू नका, जुन्या गाड्यांवर जुने नंबर पुढेही कित्येक वर्षं राहिले. स्टेशनवर मीटर गेजचे अरुंद रूळ दिसले तर नव्वदच्या दशकात गेज बदललं त्याच्या आधीचा. सरकारी पाटीवर इंग्रजीत 'Belgaum' ऐवजी 'Belagavi' आलं की नोव्हेंबर २०१४ नंतरचा. एका खुणेवर साल ठोकून देऊ नका, दोन खुणा जुळल्या की मगच लिहा, नाहीतर 'सुमारे' लिहा.

वडीलधाऱ्यांना फोटो दाखवताना 'हा कोण?' असं पहिल्यांदा विचारू नये. नाव आठवलं नाही की ते ओशाळतात आणि 'नाही बा आठवत' म्हणून फोटो परत देतात. आधी जागा विचारा. 'आजोबा, हे कुठलं दार हो?' वडगावातल्या एका विणकर कुटुंबात असंच झालं. हातमागावर बसलेल्या माणसाचा जुना फोटो होता, कुणालाच ओळख पटेना. आजींना फक्त दाराची चौकट दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, 'हे मागलं दार. पावसाचं पाणी मागाच्या खड्ड्यात शिरायचं म्हणून पुढं ती पायरी बांधली.' मग माग कुठे होता, त्याच्यावर त्या वर्षी कोण बसायचं, कुणाच्या लग्नाची साडी त्यावर विणली, असं एकेक निघत गेलं आणि माणसाचं नाव आपोआप आलं. त्या बोलत असताना मोबाईलवर रेकॉर्ड करा, विचारून. नंतर लिहिताना त्यांचीच वाक्यं कामी येतात.

१९२४ साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष होते असं ते एकमेव अधिवेशन. 'आमचे आजोबा स्वयंसेवक होते, या ग्रुप फोटोत आहेत' असं सांगणारी घरं मला भेटली आहेत, पण त्यातले आजोबा नेमके कोणते हे सांगणारा आता घरात कुणी उरलेला नसतो. तुमच्या फोटोंमधली माणसं अजून हयात आहेत. म्हणून प्रदर्शनाची तारीख दोन-तीन महिने पुढे ढकलावी लागली तरी ढकला, आणि निवडलेल्या फोटोंच्या प्रिंट घेऊन त्या गावांना जाऊन या.

इतकं करूनही काही फोटो मुके राहतील. ते चांगले असतील तर लावा आणि खाली तसंच लिहा: 'खानापूरचा आठवडी बाजार, रविवार. या मामांचं नाव आम्हाला माहीत नाही.' (वार आणि गाव तुमच्या फोटोचं, मी उदाहरण दिलंय.) शेजारी एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा, वर लिहा, 'ओळखत असाल तर सांगा.' बेळगावात हे फार चांगलं चालतं. लोक नातेवाईक शोधायलाच आल्यासारखे बघतात, आणि तुमचं प्रदर्शन संपेपर्यंत दोन-चार नावं वहीत आलेली असतात. सोबत सांगणाऱ्याचा फोन नंबर घ्या, नाहीतर खात्री करता येत नाही.

मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लावा. गोकाकच्या बाजूचा माणूस स्वतःचा फोटो बघायला आला तर त्याला स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे. कन्नड मजकूर मशीनकडून करून घेऊ नका. ज्याच्या घरात कन्नड बोलतात अशा माणसाकडून लिहून घ्या आणि छापायच्या आधी त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.